रोट सरेपर्यंत

कुकरची तिसरी शिट्टी. चौथी अर्ध्यात बंद पडते.

"एरंडोल, एरंडोलवाले पुढे या."

ओल्या हळदीचा पुठ्ठ्यावर आवाज होत नाही. तांदळाच्या दाण्यांचा होतो.

भिंतीपलीकडे कापसाचे भाव. इतके मोठ्याने, की मांडणीतल्या वाट्या थरथरतात.

चार पुरणपोळ्या. पाचवीला नकार.

चाकांचा एक पलंग. एक चाक कुरकुरते.

सुरतेचा फोन. "आम्ही? नाही हो."

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. ती गोष्ट माझी आहे, आणि ती मला अजून नीट कळलेली नाही. मला डोळे नाहीत. माझ्याकडे जे येते ते आवाजाने येते, आणि आवाज काही रांगेत उभे राहून येत नाहीत.

मी एक जुने ऐकायचे मशीन आहे.

हल्ली कानामागे लपणारी, शेंगदाण्याएवढी यंत्रे मिळतात. तसे मी नाही. मी शर्टाच्या खिशात बसते. माझ्यातून एक वायर निघते आणि कानापर्यंत जाते. माझ्या पोटात एक पेन्सिल सेल बसतो. इथे एक खुलासा करते, कारण पुढे तुम्ही विचाराल. सेल नसला तरी मला ऐकू येते. ऐकायला मला सेल लागत नाही, ऐकवायला लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक नव्या मशीनजवळ तोंड आणून "एक, दोन, तीन" म्हणायची. ती तीनच्या पुढे कधी गेली नाही. त्यामुळे चार हा आकडा मी बऱ्याच उशिरा ऐकला.

चौदा वर्षांपूर्वी राजदीपने मला जळगावात आणले, त्याच्या वडिलांसाठी. वडिलांचे नाव पितांबर. सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना एकतीस वर्षे डाळ मिलमध्ये फिटर होते. तुरीचे दाणे भरडणाऱ्या यंत्रांनी त्यांचे कान थोडे थोडे करून नेले. पहिल्या दिवशी मला खिशात ठेवून ते अंगणात चालले आणि थांबले. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. मग सुनेला म्हणाले, "माझ्या चपला एवढ्या वाजतात? इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही?"

ते माझे चांगले दिवस होते. विहारातली रविवारची वंदना मी त्यांना ऐकवली. राजदीप कामासाठी पुण्याला गेला, त्याचे फोन ऐकवले. वरातीत बँड आला की ते मला बंद करायचे, आणि मला वाटते तेव्हाच ते माझ्यावर सर्वांत खूश असायचे. एकदा एका सभेत त्यांनी मला वर उचलून सगळ्यांना दाखवले. हे नसते तर मी इथे आलो नसतो, असे म्हणाले. भाषणे लांबली, तेव्हा त्यांनी बटण दाबले आणि शेवटपर्यंत मान डोलावत बसले.

मग वायर खराब झाली. आवाज येई, जाई. नानांनी मला टीव्हीखालच्या खणात ठेवले, जुन्या चाव्यांबरोबर. तीन महिने मी तिथे होते. सून सारिका म्हणायची, नवे घेऊ, कानामागचे. नाना म्हणायचे, काय ऐकायचे राहिले आहे आता? टीव्ही मोठा केला की झाले. टीव्ही माझ्या डोक्यावरच होता. तो किती मोठा होत गेला, ते मला विचारा.

*

इथे मी थोडी मागे-पुढे होईन. सांभाळून घ्या.

नानांना एक मोठी बहीण आहे, ताईबाई. घरात सगळे तिला अक्का म्हणतात. ती धुळ्याजवळ सोनगीरला राहते. तिच्या मुलाचा, युवराजचा, एके दिवशी सारिकाला फोन आला. खणाच्या फटीतून मी ऐकला. अक्काच्या गळ्यात गाठ आहे. धुळ्याच्या दवाखान्यात ठेवले आहे. येत्या मंगळवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. त्यानंतर अक्का बोलू शकणार नाही.

सारिकाने हे सगळे पाटीवर लिहून नानांना दाखवले. तेव्हा घरात पाटी असायची. नाना वाचत राहिले. मग खण उघडला आणि चाव्यांमधून मला बाहेर काढले.

नाशिकला एक म्हातारे कारागीर माझ्यासारखी जुनी मशीन अजून दुरुस्त करतात. मला त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवले. मधल्या गुरुवारी नाना माझ्याशिवायच धुळ्याला जाऊन आले. अक्का बोलत होती, तिचे ओठ हलत होते, आणि आपण नुसते बघत बसलो, असे त्यांनी परत आल्यावर सारिकाला सांगितले. हे मला नंतर कळले. शुक्रवारी सारिकाने जळगावातल्या कानाच्या मशीनच्या दुकानातही विचारून पाहिले होते. कान तपासणारा माणूस गुरुवारीच येतो, असे उत्तर आले. येणारा गुरुवार मंगळवारनंतर होता.

म्हणजे नानांना हवे होते ते एवढेच, की मंगळवारच्या आधी एकदा बहिणीचा आवाज ऐकायचा. आणि त्यासाठी मी वेळेवर घरी पोहोचायला हवे होते.

कारागिरांनी नवी वायर घातली. सेल काढून ठेवला. त्यांच्याकडे लहान खोके नव्हते, म्हणून ब्लाउजपीसच्या दुकानातले एक मोठे खोके घेतले, थोडी रद्दी टाकली आणि मला मधोमध झोपवले. एवढ्या मोठ्या घरात मी कधी राहिले नव्हते. प्रवासात मी सारखी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होते. नशिराबादजवळच्या गोदामात खोक्यांवर खोकी पडली, नावे पुकारली गेली. शनिवारी सकाळी मोटारसायकलवरून मी जळगावात आले आणि एका घरात दिली गेले.

मित्रांनो, इथून माझा गोंधळ सुरू होतो.

मला वाटले, घरी आले. आवाज ओळखीचे होते. तो कुकर मी चौदा वर्षे ऐकला होता. तिसऱ्या शिट्टीनंतर त्याचा दम संपतो. पण तो नेहमी भिंतीपलीकडून यायचा. आता अगदी शेजारी होता. आणि नानांचा टीव्ही, जो माझ्या डोक्यावर असायचा, तो आता भिंतीपलीकडून येत होता. कापसाचे भाव, मग हवामान, मग पुन्हा कापसाचे भाव. मला वाटले, कोणीतरी घर कुशीवर वळवले आहे. किंवा दुरुस्तीत माझा डावा-उजवा उलटा बसवला आहे.

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. हाही ओळखीचा, पण लांबून ओळखीचा. ती म्हणाली, "सुरतवालास्नं उनं. दरसाल धाडतस बिचारा."

सुरतेहून काहीतरी आले, एवढे मला कळले. मग मला कशावर तरी ठेवले गेले. लाकडाचा आवाज झाला. खोक्यावर बोट फिरले. तांदळाचे दाणे पडले. कोणीतरी पुटपुटले.

मी मनाशी म्हटले, नाना तर असे काही करत नाहीत.

*

ती बाई म्हणजे मंजुळाबाई. नानांच्या घराला लागून त्यांचे घर. मधली भिंत एकच आहे. त्यांच्या घरी मुलगा अभिमन आणि सून नूतन.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी पुष्कळ घरांत कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, चौरंगावर मांडतात, आरती होते, गाणी होतात. सोमवारी सकाळी वाजत-गाजत तळ्यावर नेतात. आणि रोट असतो. भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळायचे, आणि त्या पिठाचे जे होईल ते भाऊबंदकीतच खाऊन संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाही. मंजुळाबाईंच्या घरी आणखी एक नेम होता. कानबाईसमोर जे ठेवले, ते रोट सरेपर्यंत घराबाहेर जात नाही.

मंजुळाबाईंचे दीर सुरतेला राहतात. कामधंद्यामुळे त्यांना येता येत नाही, म्हणून दर श्रावणात ते वहिनीकडे पार्सल धाडतात. खण आणि नारळ. मंजुळाबाईंना वाचता येत नाही. शनिवारी सकाळी नूतन दळण आणायला गेली होती. पार्सल आले, खोके ब्लाउजपीसच्या दुकानाचे, आकार खणाचा. बाईंनी ते हळदी-कुंकू लावून चौरंगाच्या जागी ठेवून दिले. एकदा कुंकू लागले की त्या घरात वस्तू उलटसुलट करून बघत नाहीत. पत्ता खाली राहिला आणि मी वर.

शनिवारी संध्याकाळी सारिका कामावरून आली. मोबाइलवर निरोप होता, पार्सल पोहोचले. तिने घरभर शोधले. कुरियरच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी सांगितले, शेजारी दिले आहे. कोणत्या शेजारी? ते लिहिलेले नाही. आणणारा माणूस? तो दोन दिवस सुटीवर. ती समोर गेली, मागे गेली, डावीकडे गेली. उजवीकडे नूतन म्हणाली, आमच्याकडे फक्त सुरतेचे आले आहे, आमच्या बाईंनी स्वतः घेतले.

हे शेवटचे बोलणे माझ्यापासून चार हातांवर झाले. मी खोक्यात होते. सेल नव्हता. असता तरी माझ्यात फक्त ऐकवण्याची सोय आहे, ओरडण्याची नाही.

रविवारी नथ आली, नारळ आला, बायका आल्या. मी पायाशी होते. आरतीच्या टाळ्या थेट माझ्या अंगावर पडत होत्या. गाणी मी आधीही ऐकली होती, भिंतीआडून. तेव्हा ती नानांना नको असायची आणि ते मला बंद करायचे. आता मला बंद करणारे कोणी नव्हते. गाणी चांगली होती. मात्र दोन गाण्यांच्या मधे पलीकडून सारिकाचा आवाज यायचा. ती फोनवर कोणाला तरी विचारत असायची, "पार्सल मिळालं का?" मला प्रत्येक वेळी वाटायचे की मिळाले आहे, कारण मी तर मिळालेलीच होते. कोणाला, एवढेच कळत नव्हते.

*

सोमवारी दुपारी कानबाई तळ्यावर पोहोचवून बायका परत आल्या. नूतनने सुरतेला फोन लावला, पार्सल मिळाले म्हणून कळवायला. पलीकडून दीर म्हणाले, "आम्ही? नाही हो. यंदा आम्ही इकडेच बसवली. काहीच धाडलं नाही."

मग मला उलटे केले. नूतनने वाचले, अडखळत वाचले, आणि तिसऱ्या शब्दाला थांबली. भिंतीवर तीन थापा मारून तिने सारिकाला हाक मारली.

सारिका चप्पल न घालता धावत आली. मला वाटले, संपले. आता घर पुन्हा सरळ होणार.

मंजुळाबाई म्हणाल्या, "कानबाईसमोर ठेयेल शे ते. रोट सरस नही तोवर घरबाहेर जावाव नही."

नूतनने समजावले. सारिकाने ऑपरेशनचे सांगितले. मंजुळाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच वाक्य म्हटले, पहिल्यापेक्षा हळू. मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांचे हात माझ्या खोक्यावर घट्ट होते.

अभिमनने एक उपाय काढला. रोट सरेपर्यंत ना? मग आत्ताच सरवू. तो जेवायला बसला. नूतन लाटायची, तो खायचा. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या पुरणपोळीला त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. पाचवी आली तेव्हा त्याने ताट बाजूला सारले आणि पिठाचा डबा किती भरला आहे ते विचारले. निम्म्याहून जास्त होता. मंजुळाबाईंनी सुरतेच्या सातही पुरुषांच्या मुठी मोजल्या होत्या. न येणाऱ्यांच्याही. बुधवारपर्यंत नक्की पुरेल, असे नूतन म्हणाली, आणि अभिमन आडवा झाला.

तेवढ्यात नाना आले.

ते उंबऱ्याबाहेर थांबले. मित्रांनो, हे दोन घरांचे जुने होते. कानबाईच्या दिवसांत मंजुळाबाईंना बाहेरच्याला काही द्यायचे नसे आणि नानांना काही घ्यायचे नसे. नाना बुद्ध मानणारे. त्यांच्या घरी देव बसत नाहीत. एकोणीस वर्षे यावरून एकदाही खटका उडाला नव्हता. खटके उडायचे ते टीव्हीवरून, आणि तेही एकाच बाजूने, कारण दुसरी बाजू तेवढ्यापुरते मला बंद करायची.

सारिकाने पाटीवर लिहून दाखवले असावे. खडूचा आवाज आला. नानांनी ते वाचले. मग बोलले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज जरा मोठाच असतो, तसा.

"बाई, तुमचा नेम तुमच्यापाशी. त्याला मी नाव ठेवत नाही. मी बुधवारपर्यंत काय, दिवाळीपर्यंत थांबलो असतो. पण अक्काचा आवाज थांबणार नाही."

भिंतीपलीकडे टीव्हीवर कोणीतरी हसत होते.

मंजुळाबाईंनी विचारले, "नूतन, धुयानी गाडी कितला वाजाले शे?"

नूतनला कळेना. मलाही नाही.

"मी घरनी शे का बाहेरनी?" बाई म्हणाल्या. "ते मना हातमा ऱ्हाई. मी जठे, तठे घर."

*

तर सोमवारी साडेतीनच्या बसने आम्ही चौघे धुळ्याला निघालो. खिडकीशी नाना, शेजारी मंजुळाबाई, मागच्या बाकावर सारिका, आणि बाईंच्या पदराखाली मी. निघताना सेलची आठवण झाली. दुकान लांब होते. सारिकाने टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल काढून घेतला. त्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा तो टीव्ही माझ्या कामी आला.

वाटेत मंजुळाबाईंनी आपल्या वाट्याच्या रोटाची पुरचुंडी सोडली आणि नानांनी आपल्या भाकरीची. दोघे शेजारी बसून आपापले जेवले. कोणी कोणाला घे म्हणाले नाही. त्यात रुसवा नव्हता.

कंडक्टरने एरंडोलवाल्यांना पुढे बोलावले, एरंडोल गेले. मग बाई बोलू लागल्या. नानांकडे तोंड करून, पण नाना ऐकू शकत नव्हते आणि बाईंना ते माहीत होते. मला त्यांनी अजून खोक्यातून काढले नव्हते. त्यांनी सांगितले की पंचवीस वर्षांपूर्वी रोट चालू असताना एका ओळखीच्या बाईने चाळण मागितली होती. कानबाईचे पीठ चाळलेली चाळण. त्यांनी दिली. त्याच आठवड्यात त्यांच्या धाकट्या मुलीला ताप आला, आणि तो उतरला नाही. तिचे नाव मयुरी होते. पाच वर्षांची होती.

नाना मान डोलावत राहिले. पारोळा आले.

मित्रांनो, चाळणीचा आणि तापाचा काय संबंध, ते मला कळले नाही. मी पुष्कळ विचार केला. नाना कदाचित म्हणाले असते की काहीही संबंध नाही, पण नानांनी ते ऐकलेच नाही. मी ऐकले. मला एवढेच सांगता येईल की पदराखालचा तो हात आता घट्ट नव्हता.

*

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. ताईबाईंचा पलंग खिडकीजवळ. युवराजने स्टूल सरकवले. सारिकाने खोके उघडले, पण मला उचलले मंजुळाबाईंनीच. सेल आत बसला. वायरचे टोक नानांच्या कानात गेले. आणि मी? मी बाईंच्या मुठीत राहिले. घराबाहेर गेले नाही, असे त्या समजत होत्या, आणि नाना त्यांना तसे समजू देत होते.

बटण दाबले.

"ही कोन शे?" ताईबाईंनी विचारले. आवाज बारीक आणि खरखरीत, जुन्या गोणपाटावरून हात फिरवावा तसा.

नानांनी सांगितले, शेजारीण आहे.

"भाकर खादी का?"

"खादी."

"च्या पिधा का?"

"पिऊ आते."

मग ताईबाई थांबल्या. मला वाटले, आता काहीतरी मोठे बोलतील. एवढ्यासाठी नाशिक झाले, नशिराबाद झाले, दोन दिवस हळदी-कुंकवात झाले. मी माझ्याकडून पूर्ण तयार होते. पण त्यांना सुचत नव्हते. त्यांनी दवाखान्यातल्या वरणाला नावे ठेवली. सोनगीरच्या घराचे कौल फुटले आहे म्हणाल्या. युवराजला शर्टाची गुंडी लावायला सांगितले. नाना पुढे वाकून एक एक शब्द घेत होते, आणि शब्द तर हे असे.

"आते काय बोलू रे पितंबर? तू सांग."

नानांनी वायर कानात आणखी आत दाबली. खरखर त्यांच्या बोटांची होती की माझ्या वायरची, मला ओळखता आले नाही.

मंजुळाबाई म्हणाल्या, "बोल ना माय. बठ्ठं घर हातमा लई उनी मी."

ताईबाई हसल्या. खोकल्या. नर्सने लांबून सांगितले की पेशंटला जास्त बोलू देऊ नका. पलंग न्यायला माणूसही आला होता. रात्रीच्या आधी कसली तरी तपासणी राहिली होती. त्याने चाकांचा अडसर काढला.

तेव्हा ताईबाईंनी डोळे मिटले असावेत, कारण आवाज बदलला. तो लांब गेला. जवळच होता, पण लांब पाठवलेला होता.

"पितंबर... घर ये रे. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

माझ्यातून तो गेला तेव्हा मला काहीच अर्थ लागला नाही. नाना तर समोर बसले होते. त्यांना कुठून घरी बोलावत होती? भाकरी खाल्ली, हेही आत्ताच विचारून झाले होते. मी अर्थ लावायचा सोडून दिला आणि आवाज जेवढा होता तेवढा सगळा पुढे दिला. थोडाही ठेवून घेतला नाही.

नाना म्हणाले, "उनू अक्का, उनू."

पलंग हलला. एक चाक कुरकुरत गेले.

*

बाकीचे थोडक्यात सांगते.

नंतर नानांनी सारिकाला सांगितले आणि ते मी ऐकले. दोघांचे लहानपण भडगावला गेले. नाना दिवसभर गिरणा नदीत पडलेले असायचे. अक्का काठावर उभी राहून अशीच हाक मारायची, आणि हे पाण्यात डोके घालून ऐकू न आल्याचे सोंग करायचे. एकदाही पहिल्या हाकेला उत्तर दिले नाही, असे नाना म्हणाले.

नाना त्या दिवशी धुळ्यालाच राहिले. मी मंजुळाबाईंच्या पदराखाली परत आले आणि चौरंगाच्या जागी बसले. मंगळवारी ऑपरेशन झाले. नानांच्या कानात तेव्हा काही नव्हते. बुधवारी दुपारी अभिमनने शेवटची पुरी खाल्ली आणि रोट सरला. शुक्रवारी नाना आले, तेव्हा मंजुळाबाई स्वतः मला घेऊन त्यांच्या दारात गेल्या. नानांनी मला खिशात ठेवले, वायर लावली. टीव्हीबद्दलचे बाईंचे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकले, ते हे:

"आते तरी टीव्ही हयू लावजा, नाना."

नाना म्हणाले, रिमोटला सेल नाही.

ताईबाई बऱ्या आहेत. सोनगीरला असतात. गळ्याला रुमाल बांधतात, हातांनी बोलतात, कधी पाटीवर लिहितात. नाना महिन्यातून एकदा जातात. तिथे पोहोचले की आधी मला खिशातून काढतात, सेल बघतात, वायर कानात घालतात, आणि मग अक्कासमोर बसतात. मी पंख्याचा आवाज देते. बांगड्यांचा देते. कशासाठी, ते त्यांनी मला सांगितलेले नाही आणि मला विचारता येत नाही.

मित्रांनो, मी फार शहाणे मशीन नाही, त्यामुळे मागणेही लहानच आहे. शेजाऱ्याचे पार्सल तुमच्या हाती आले तर ते उलटे करून नाव वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला बोलवा. घरात माझ्यासारखे जुने यंत्र असेल तर ते चाव्यांच्या खणात टाकू नका. सेल काढून कोरड्या जागी ठेवा, वायर गुंडाळताना पिळू नका. आणि कोणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला उत्तर द्या. एवढे केलेत तरी माझ्या जन्माचे चीज झाले असे मी समजेन.

शनिवारी सकाळी पावणेअकरा वाजता कुरियरवाल्याने आधी नानांचेच दार वाजवले होते, चार वेळा, आणि नाना घरातच होते.